धाकटा रंगारी

सोळाव्या शतकात इटलीतील व्हेनिस नगरीत एक चित्रकार होऊन गेला. त्याला नावे तीन होती. एक घराण्याचे, एक बापाला शौर्याबद्दल मिळालेले आणि एक बापाच्या धंद्यावरून पडलेले. पहिली दोन नावे आज केवळ अभ्यासकांना ठाऊक आहेत. तिसऱ्या नावाने मात्र तो साऱ्या जगाला माहीत आहे. ते नाव तिंतोरेत्तो. तिशियन, वेरोनेसे आणि तिंतोरेत्तो असे व्हेनिसच्या चित्रकलेतील त्रिकूट सांगितले जाते, त्यातला हा एक.

इटालियन भाषेत ‘तिंतोरे’ म्हणजे कापड रंगवणारा, आपल्याकडचा रंगारी. व्हेनिसच्या बोलीत त्यालाच ‘तेंतोर’ म्हणत. ‘एत्तो’ हा प्रत्यय लहानपणा दाखवतो. तेव्हा तिंतोरेत्तो म्हणजे छोटा रंगारी, रंगाऱ्याचा पोरगा. शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘तिंगेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ बुडवणे, रंगवणे. खरचटल्यावर आपण लावतो ते टिंक्चर याच मुळातून निघाले आहे.

मला या नावाची ओढ लागण्याचे कारण सरळ आहे. माझे आडनाव रंगारी. माझे आजोबा विणकरांसाठी सुताच्या लडी रंगवून देत. पुढे ते काम गेले, वडील मजुरीला लागले, पण आडनाव राहिले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. दाखल्यावर, अर्जावर, परीक्षेच्या ओळखपत्रावर नाव लागायचे तेव्हा एका नातेवाइकाने सुचवले, की आता शिकतोच आहेस तर राजपत्रात जाहिरात देऊन चांगलेसे आडनाव लावून घे. पुढे नोकरीच्या वेळी बरे पडेल. सल्ला मायेपोटी होता आणि त्यात व्यवहारही होता. आपल्याकडे आडनाव ऐकले की समोरचा माणूस आपले घर, गल्ली आणि जात मनातल्या मनात शोधू लागतो, हे कुणी नाकारू नये. तेव्हा धंद्याचे नाव माणसाला खाली ओढते की वर नेते, हा माझ्यापुरता पुस्तकी प्रश्न नाही. त्या दृष्टीने मी या चित्रकाराचे चरित्र वाचत गेलो.

प्रथम इटलीतील आडनावांविषयी थोडेसे. तिथेही धंद्यावरून पडलेली आडनावे पुष्कळ आहेत. लोहाराच्या धंद्यावरून फेर्रारी, फेर्रेरो, फाब्री, पिठाच्या गिरणीवरून मोलिनारी, शिंप्यावरून सार्तोरी. यांपैकी फेर्रारी तर इटलीतील सर्वांत अधिक आढळणाऱ्या आडनावांत मोडते. रंगाऱ्यावरून तिंतोरी असे आडनाव झाले आहे, परंतु ते फेर्रारीच्या मानाने फारच थोड्या घरांत आहे. हा फरक का पडला असावा? मला वाटते, लोहार प्रत्येक गावाला लागतो आणि गावात तो बहुधा एकच असतो. लोहाराचा अमुक म्हटले की ओळख पटते. रंगारी मात्र कापडाचा मोठा व्यापार असलेल्या शहरातच असायचा, आणि तिथे एका वस्तीत अनेक रंगारी असायचे. जिथे शेजारीही रंगारीच, तिथे रंगारी म्हटल्याने एकाची ओळख दुसऱ्यापासून वेगळी कशी होणार? म्हणून ते नाव गल्ल्यांना अधिक चिकटले, माणसांना कमी. व्हेनिसमध्ये आजही रंगाऱ्याची गल्ली या अर्थाची नावे सापडतात.

शिवाय त्या काळी नावे आजच्यासारखी घट्ट झालेली नव्हती. बापाचे नाव, गावाचे नाव, धंदा, शरीराची एखादी खूण, काहीही नावापुढे लागे. फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध चित्रकार आंद्रेआ देल सार्तो याचा बाप शिंपी होता. त्याच्या नावाचा अर्थच शिंप्याचा आंद्रेआ असा आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चमध्ये विवाहाच्या नोंदी नीट ठेवण्याचा नियम केला. अशा नोंदवह्यांतून आडनावे हळूहळू पक्की होत गेली. आपला चित्रकार नेमका या संधिकाळात जगला. कोणते नाव लावावे हे ठरवण्याची मोकळीक त्याला होती, हे आपण लक्षात ठेवू.

त्याचे पाळण्यातले नाव याकोपो. जन्म १५१८ किंवा १५१९ सालचा. बाप जिओव्हान्नी बात्तिस्ता हा व्हेनिसमध्ये कापड रंगवण्याचा धंदा करी. १५०९ साली सम्राट मॅक्सिमिलियनच्या सैन्याने व्हेनिसच्या ताब्यातील पादुआ शहराला वेढा घातला, तेव्हा शहराच्या रक्षणात या घरातील पुरुषांनी मोठी हिंमत दाखवली आणि त्यावरून त्यांना रोबुस्ती, म्हणजे दणकट, असे नाव मिळाले अशी हकीकत आहे. पुस्तकांतून याकोपो रोबुस्ती हेच त्याचे खरे नाव म्हणून दिलेले असे. पण २००७ साली माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, त्या वेळी तेथील अभ्यासक मिगेल फालोमिर यांनी दाखवून दिले की घराण्याचे मूळ आडनाव कोमिन होते. कोमिन म्हणजे त्या बाजूच्या बोलीत जिरे! म्हणजे घराण्याचे नाव मसाल्याचे, बापाचे नाव पराक्रमाचे आणि मुलाचे नाव रंगाच्या कढईतले.

त्या काळच्या व्हेनिसमध्ये रंगाऱ्याचा आणि चित्रकाराचा धंदा आपल्याला वाटतो तितका दूरचा नव्हता. दूरदेशीचे रंग या बंदरात उतरत. केवळ रंग विकणारे स्वतंत्र व्यापारी इथे होते, आणि त्यांच्या दुकानात रंगारीही येत व चित्रकारही. चित्रकार जो गडद पारदर्शक तांबडा रंग वापरीत, तो पुष्कळदा रंगवलेल्या किरमिजी कापडाच्या कातरणातून काढलेला असे. अशा रंगाला इटालियनमध्ये ‘लाक्का’ म्हणत. हा शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडच्या लाखेपासून, म्हणजे संस्कृत लाक्षेपासून, तिकडे गेला आहे. कापड रंगवण्याच्या कलेवरील छापील पुस्तकांतले अगदी आरंभीचे एक मोठे पुस्तक, जिओव्हानव्हेंतुरा रोसेत्ती याचे, १५४८ साली व्हेनिसमध्येच प्रसिद्ध झाले. योगायोग असा की त्याच वर्षी रंगाऱ्याच्या या पोराने सारे शहर हलवून सोडले. ती गोष्ट पुढे येतेच.

पोराचा हात लहानपणापासून चित्राकडे वळे. कार्लो रिदोल्फी या लेखकाने १६४२ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. तो सांगतो की बापाने मुलाला तिशियनच्या चित्रशाळेत शिकायला ठेवले. तिशियन म्हणजे व्हेनिसच्या चित्रकलेचा राजा. १५३३ साली सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याला सरदारकी दिली होती. पण थोड्याच दिवसांत मुलाची रेखाटने गुरूच्या नजरेस पडली आणि गुरूने त्याला चित्रशाळेबाहेर काढले. हे असूयेने झाले की दुसऱ्या काही कारणाने, हे सांगता येत नाही. परंतु दोघांचे पुढे कधी जमले नाही, एवढे खरे. मोठा गुरू नाही, सरदारी घराण्याचा आधार नाही, अशा स्थितीत हा मुलगा जवळजवळ स्वतःच शिकला. मायकेलअँजेलोच्या शिल्पांच्या लहान प्रतिकृती जमवून त्यांवरून तो रात्री दिव्याच्या उजेडात रेखाटने करी. मेणाच्या व मातीच्या बाहुल्या करून त्या पेटीत मांडी, काही दोऱ्याने छताला टांगी, आणि वेगवेगळ्या बाजूंनी दिवा धरून सावल्यांचा अभ्यास करी. मायकेलअँजेलोची रेषा आणि तिशियनचा रंग एकत्र आणायचा, हे त्याचे ध्येय होते असे रिदोल्फी नमूद करतो.

१५४८ साली संत मार्कच्या नावाच्या एका मोठ्या धर्मबंधुसंघासाठी त्याने गुलामाच्या सुटकेचे चित्र रंगवले. धन्याची परवानगी न घेता संताच्या दर्शनाला गेलेल्या एका गुलामाला शिक्षा देण्याचे चालले आहे. तो उघडाच जमिनीवर पडला आहे. आणि संत मार्क आकाशातून डोके खाली करून झेपावला आहे. छळाची हत्यारे मोडून पडली आहेत आणि मारेकरी ती आश्चर्याने दाखवतो आहे. संत असा सूर मारून खाली येताना व्हेनिसकरांनी कधी पाहिला नव्हता. कुणी वाखाणले, कुणी नावे ठेवली. संघातच वाद माजला तेव्हा याकोपोने चित्र काढून घरी नेले आणि शेवटी संघाने ते परत मागवले, असे चरित्रकार सांगतो. त्या काळचा नामांकित लेखक पिएत्रो आरेतिनो याने पत्र लिहून त्याची स्तुती केली, पण त्याबरोबर घाई आवरण्याचा इशाराही दिला. हा घाईचा ठपका त्याच्यावर जन्मभर राहिला. वासारीनेही १५६८च्या आपल्या ग्रंथात त्याची बुद्धी अचाट असल्याचे मान्य करून, तो कच्ची रेखाटनेच पुरी चित्रे म्हणून देतो अशी तक्रार केली आहे.

इथे त्या समाजाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. व्हेनिसमध्ये सर्वांत वर सरदार घराणी; राज्य तीच चालवीत. त्यांच्याखाली नागरिकांचा मानाचा वर्ग. त्याखाली बाकीचे सारे, कारागीरही त्यातच. चित्रकारही कायद्याने कारागीरच. त्यांच्या संघात मुखवटे करणारे आणि पत्ते रंगवणारेसुद्धा एकत्र असत. याकोपोची पत्नी फाउस्तिना एपिस्कोपी मात्र वरच्या, नागरिक वर्गातली होती. आपल्या नवऱ्याने नागरिकाला शोभेल असा झगा घालून बाहेर पडावे असा तिचा आग्रह असे, आणि त्याला त्याची फारशी पर्वा नसे, असे रिदोल्फी सांगतो. नवरा बाहेर निघाला की ती रुमालात पैसे बांधून देई आणि परत आल्यावर हिशेब मागे. हे वाचताना आपल्याच आळीतले एखादे घर डोळ्यांसमोर येते.

आता त्याच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेली गोष्ट. प्लेगपासून रक्षण करणारा संत म्हणून सान रोक्को पूजला जाई. त्याच्या नावाच्या श्रीमंत धर्मबंधुसंघाने १५६४ साली आपल्या एका दालनाच्या छतासाठी स्पर्धा जाहीर केली. वेरोनेसेसारखे नामवंत चित्रकार कच्चे आराखडे घेऊन आले. याकोपोने मात्र छताचे माप आधीच मिळवून पुरे चित्र रंगवले आणि थेट छतावर बसवून टाकले. बाकीचे चित्रकार संतापले. संघाचे लोकही रागावले. तेव्हा त्याने ते चित्र संताला दान केले असल्याचे जाहीर केले. संताला दिलेले दान नाकारायचे नाही असा संघाचा नियम होता. चित्र जिथल्या तिथे राहिले.

हे वागणे सरळ होते असे मी म्हणणार नाही. रांगेत उभ्या असलेल्या इतर चित्रकारांवर तो अन्यायच होता. पण त्यामागची तगमगही दिसते. तिशियनला राजेरजवाडे बोलावून नेत. याला काम मिळवायचे तर कमी दाम सांगणे, लवकर पुरे करणे किंवा फुकट देणे, एवढीच साधने हातात होती. मादोन्ना देल्लोर्तो या आपल्या चर्चसाठी सुमारे चौदा मीटर उंचीची दोन चित्रे त्याने केवळ सामानाच्या खर्चात करून दिल्याचे सांगतात. ग्राहकाला परवडेल असा भाव, ठरलेल्या दिवशी माल आणि भले मोठे कापड भराभर रंगवण्याचा सराव. ही रीत दरबारी कलावंताची नव्हे, रंगखान्याची आहे. त्याचे टीकाकार ज्याला घाई म्हणत, ते मला बापाच्या धंद्याचे वळण वाटते.

सान रोक्कोच्या त्याच इमारतीत १५६५ साली त्याने येशूच्या क्रूसारोहणाचे चित्र पुरे केले. रुंदी बारा मीटरांहून अधिक, उंची पाच मीटरांहून अधिक. मधोमध येशू क्रूसावर आहे आणि त्याच्या भोवती कामकऱ्यांची गर्दी. कुणी दोर ओढून एका चोराचा क्रूस उभा करतो आहे, कुणी शिडीवर चढला आहे, कुणी लाकडाला भोक पाडतो आहे. जगातील एवढी मोठी घटना घडत असताना माणसे आपापले काम करीत आहेत. १८४५ साली इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन व्हेनिसला आला तेव्हा ही दालने पाहून तो भारावून गेला, आणि पुढे त्याच्या लेखनामुळे इंग्रजी वाचकांचे लक्ष या चित्रकाराकडे वळले. या चित्रावर लॅटिन भाषेत एक लेख आहे. त्यात साल आहे, संघाच्या त्या वेळच्या प्रमुखाचे नाव आहे आणि चित्रकाराचेही. चित्रकाराने तिथे कोमिन लिहिले नाही, रोबुस्तीही लिहिले नाही. लॅटिनचा झगा चढवला तोही रंगारी या शब्दालाच.

मला या चरित्रातील ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. दणकट हे बापाचे नाव मिरवण्यासारखे होते. लग्नाने वरच्या वर्गाशी नाते जडले होते. अशा वेळी आपल्या सर्वांत मोठ्या चित्रावर त्याने आपले सर्वांत लहान नाव घातले.

१५७५ ते १५७७ या काळात व्हेनिसमध्ये भयंकर प्लेग आला. १५७६ साली वृद्ध तिशियनही वारला. याकोपो शहरातच राहून काम करीत होता. १५७७ साली त्याने सान रोक्कोच्या संघाला कळवले की वर्षाला शंभर दुकात तहहयात द्यावेत, मी दरवर्षी संताच्या उत्सवापर्यंत तीन चित्रे देत जाईन. संघाने मान्य केले. एखाद्या कारखान्याचा करार वाटावा असा हा करार. १५८७ पर्यंत त्याने वरचे आणि तळमजल्याचे दालन भरून काढले. त्या संघाची इमारत आणि शेजारचे चर्च मिळून त्याची साठाहून अधिक चित्रे तिथे आहेत.

नाव त्याच्या मुलांकडेही गेले. मुलगा दोमेनिको चित्रकार झाला. मुलगी मारिएत्ताही बापाच्या हाताखाली तयार झाली. लोक तिला तिंतोरेत्ता म्हणत, म्हणजे धाकटी रंगारीण. तिला परदेशच्या राजदरबारांतून बोलावणी आली, पण बापाने तिला दूर पाठवले नाही. शहरातल्याच एका जवाहिऱ्याशी तिचे लग्न लावून दिले, असे रिदोल्फी लिहितो. १५९०च्या सुमारास ती तरुणपणीच वारली. तिची म्हणून निश्चित सांगता येतील अशी चित्रे आज जवळजवळ नाहीत. आडनावाविषयी इतके लिहिताना हे विसरता येत नाही, की त्या घरात नाव दोघांना मिळाले, पण बाहेर जाण्याची वाट मुलीला मिळाली नाही.

१५७७ सालीच राजवाड्याला आग लागून मोठ्या सभागृहातील जुनी चित्रे जळाली होती. तिथे स्वर्गाचे चित्र काढण्याचे काम आधी वेरोनेसे आणि फ्रान्चेस्को बास्सानो यांना दिले होते. १५८८ साली वेरोनेसे वारला आणि ते तिंतोरेत्तोकडे आले. सुमारे बावीस मीटर रुंदीचे ते चित्र त्याने म्हातारपणी, दोमेनिकोच्या मदतीने, १५९२च्या सुमारास पुरे केले. ३१ मे १५९४ रोजी त्याचे निधन झाले आणि मादोन्ना देल्लोर्तो चर्चमध्ये, पत्नीच्या माहेरच्या थडग्यात, त्याला पुरण्यात आले. १६३५ साली दोमेनिको गेला. पुढे चित्रशाळा जावयाकडे, सेबास्तियन कासेर या जर्मन चित्रकाराकडे गेली. तिंतोरेत्तो हे नाव आडनाव होऊन पुढे चालले नाही. फेर्रारी पिढ्यान्‌पिढ्या वाढले. धाकटा रंगारी मात्र बाप आणि मुले एवढ्यावरच थांबला. नाव इतके दुर्मिळ राहिले म्हणूनच कदाचित ते एकाच माणसाचे होऊन बसले.

आपल्याकडेही गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी ही नावे धंद्यासकटच घेतली जातात, आणि घेताना कुणाचा हात कपाळाशी जातो. धंदा तोच, पण लोक चिकटवतात तेव्हा नाव चिठ्ठी होते आणि माणूस स्वतःच्या कामाखाली लिहितो तेव्हा ते सही होते. फरक अक्षरांत नसतो, कामात असतो. मला सल्ला देणाऱ्या नातेवाइकाला मी अजून उत्तर दिलेले नाही. समाज आडनाव विचारायचे थांबेल तेव्हा थांबेल, आणि तोवर ज्याला ते ओझे सोसत नाही त्याने ते बदलावे. त्याला मी दोष देणार नाही. मी मात्र परीक्षेच्या अर्जावर आहे तेच लिहिले आहे.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिंतोरेत्तोने सत्तरीच्या सुमारास काढलेले स्वतःचे चित्र आहे. काळोखी पार्श्वभूमी, काळा पोशाख, पांढरी दाढी आणि थकलेले मोठे डोळे थेट आपल्याकडे लागलेले. अंगावर मानचिन्ह नाही, हातात कुंचलाही नाही. आयुष्यभर कापडावर रंग ओतणाऱ्या या रंगाऱ्याने स्वतःला रंगवताना रंग अगदी थोडा वापरला आहे.